बापाला काय आणलंस

सकाळपासून माझ्या कपाळावरून भांडण चाललं होतं.

शिवकन्या आदल्या दिवशीच आखाडा बाळापूरहून आली होती. लेक माझीच, त्यामुळं जीभही माझीच घेऊन जन्मलेली. पिशवी खुंटीला लागली नाही तोच तिनं सुरुवात केली.

"माय, दादा जीपमधून उतरल्याबराबर तुझ्याकडं बघंल. हे मोकळं कपाळ दिसंल त्याला. तू तोंड उघडायच्या आधी कपाळ बोलंल. त्यापरीस धाकट्या हनुमानाला वाटंतच सांगू दे."

"कोणी काय सांगायचं न्हाई. मी सांगंन."

"कवा? दोन वर्सं झाली बाबांना जाऊन. तुझं सांगणं अजून चुलीवरच हाय, शिजंना."

माझा भाऊ सोनाजी नरसीहून नवं पागोटं घेऊन आला होता. तो ओट्यावर तंबाखू मळत बसला होता. म्हणाला, "आक्का, एक करता येतं. घटकाभर बोटभर कुंकू लाव. लेकरू जेवंल, दम खाईल, मंग पुसून टाक."

"सोनाजी, तुझी अक्कल त्या तंबाखूतच मळून थुंकून टाक. गेलेल्या माणसाच्या नावानं घटकाभर कुंकू लावू, आन घटकेनं पुन्हा पुसू? एकदा पुसलं ते बस झालं."

सोनाजी पुन्हा तंबाखू मळू लागला. शिवकन्या मात्र थांबली नाही.

"खोटं फोनवर चालतं, कपाळावर चालत न्हाई व्हय?"

मी तव्याकडं वळले. भाकरी करपत होती.

माझा थोरला प्रभू कुवेतला गेला ते पंच्याण्णव साल. तेव्हा आम्ही परभणी जिल्ह्यात होतो. तो परत आला तोवर आमचा जिल्हा हिंगोली झाला होता. लेकाच्या पासपोर्टावर एक जिल्हा आणि पायाखाली दुसरा, इतका काळ तो बाहेर राहिला. तिकडं तो ड्रायव्हर, साहेबाची मोठी गाडी चालवतो, असं त्यानं आम्हाला सांगितलं आणि आम्ही गावाला. गेला तो बापाशी भांडून. "मेंढरांच्या लेंड्यांत जिंदगी घालणार न्हाई," असं हनुमानादेखत बापाच्या तोंडावर बोलून गेला. बापानं काठी उचलली आणि तो कळपामागं चालू लागला. त्याच्या बायकोला, सिंधूबाईला, तेव्हा दिवस होते. ती पोर, सुकन्या, बापाला न बघताच शाळेत जायला लागली.

आणि मग दोन वर्षांमागच्या उन्हाळ्यात पैनगंगेच्या काठी, मेंढरांच्या मुक्कामावर, प्रभूच्या बापाला ताप आला आणि डोक्यात गेला. हनुमानानं टेम्पोत घालून आणला तेव्हा बोलायचं संपलं होतं.

मी प्रभूला कळवू दिलं नाही. लोकांनी आपापली कारणं लावली. कारण एवढंच होतं, की परमुलखात एकटं लेकरू. बाप गेला ऐकून त्यानं रडायचं कुणाच्या गळ्यात पडून? येईल तेव्हा समोर बसवून सांगू, म्हटलं. पण तो येईना. आज येतो, उद्या येतो, साहेब सोडंना.

मेंढक्याचं मरण झाकायला सोपं असतं. दिवाळी झाली की जो माणूस कळप घेऊन बाहेर पडतो आणि पावसाळ्याशिवाय उंबऱ्याला दिसत नाही, त्याची बायको 'ते घरात हायत' असं कधी म्हणतच नाही. महिन्याकाठी एका बाजाराच्या दिवशी औंढ्याला पुनमचंद शेठच्या एसटीडीवर फोन यायचा. आधी सिंधूबाई बोलायची, मग मी घ्यायचे, आणि ती माझ्या कानाला कान लावून उभी राहायची. शेवटी तो न चुकता विचारायचा, "बाबा कुठं हायत?" मी म्हणायचे, कळमनुरीच्या अंगाला गेलेत. पुढच्या खेपेला म्हणायचे, नदी वलांडली, वऱ्हाडात शिरले. पावसाळ्यात म्हणायचे, डोंगरात हायत, चारा बरा हाय. जिवंतपणी तो माणूस फिरला नसेल एवढा मुलूख मी त्याला मेल्यावर फिरवला.

एकच गोष्ट अडून राहिली, पागोटं. तेराव्याला मामानं थोरल्या लेकाच्या डोक्याला पागोटं बांधायचं, म्हणजे घराला नवा कर्ता झाला. मी बांधू दिलं नाही. थोरला आल्यावर बांधू, म्हटलं. अग्नी हनुमानानं दिला, डोकं त्यानं भादरलं, कळप त्यानं सांभाळला, आणि टॉवेल गुंडाळून हिंडला. एका शब्दानं बोलला नाही. पोटात काय शिजत होतं ते मला दिसत होतं, पण थोरला तो थोरला.

म्हणून प्रभू येणार म्हटल्यावर मी सोयऱ्यांना दुसऱ्या दिवसाचं आवतन धाडलं, आणि जीप घेऊन औंढ्याच्या स्टँडवर हनुमानालाच पाठवलं. बजावलं, "तोंड शिवून जा."

त्यानं शिवलं. पुढं कधीतरी त्यानंच सांगितलं, वाटेत काय झालं ते. प्रभू बसमधून उतरला तर हनुमानानं ओळखला नाही. काळा पडलेला, डोळ्यांच्या कडा उन्हानं चिरलेल्या. हनुमानाला वाटलं होतं, गाडीत थंड हवेत बसणारा भाऊ गोरा होऊन येईल. दोघं गळ्यात पडले. जीप नागनाथाच्या देवळावरून गेली तेव्हा प्रभूनं हात जोडले. मग गावापर्यंत पिकाचं विचारत राहिला, पावसाचं विचारत राहिला, कुणाची लग्नं झाली ते विचारत राहिला. हनुमान घामानं भिजला होता. आता बापाचं विचारील, आता विचारील. प्रभूनं विचारलं नाही. हनुमानाला वाटलं, देवानं सोडवलं.

मी दारात उभी राहिले. पदर कपाळावर ओढला नाही. काय बघायचं ते बघू दे.

तो आला आणि सरळ पायावर पडला. उठला तेव्हा माझ्या खांद्याकडं बघत होता. कपाळाकडं नाही.

"लई वाळलीस, माय."

"आन तू काय, करपलेली भाकर झालास. कुवेतात सावली मिळत न्हाई का?"

तो हसला. सिंधूबाई आतल्या दारात हिरव्या बांगड्या भरून उभी होती. तिला त्या दिवशी दोन गोष्टींची भीती होती. एक नवऱ्याला बघायची आणि दुसरी, खोटं उघडं पडल्यावर नवरा आपल्याला काय म्हणेल याची. सकाळीच मला म्हणाली होती, "आत्या, फोनवर मी हसून बोलायचे. आता ते तोंड कसं दाखवू?" मी म्हटलं होतं, तुला काय म्हणायचं ते मला म्हणंल. ती सुकन्याला पुढं ढकलत होती. पोर मागं सरकत होती.

"हे बाबा हायत तुझे," शिवकन्या म्हणाली.

"मला ठाव हाय," पोर म्हणाली, "फोटोत मिशी व्हती."

सगळे हसले. तेवढंच त्या दिवशीचं हसणं.

जेवण झालं. मी मनात म्हणत होते, पाणी पिऊ दे, मग सांगू. सुपारी खाऊ दे, मग सांगू. तेवढ्यात त्यानं बॅग ओढली. सुकन्याला फ्रॉक आणि रंगाची पेटी. सिंधूबाईला अत्तर आणि साडी. शिवकन्येला साडी, तिच्या नवऱ्याला शर्टाचं कापड. हनुमानाला घड्याळ. सोनाजीमामाला बॅटरी. मला वाघाचं चित्र असलेलं जाड ब्लँकेट. शिवकन्या साडीचा पोत बघत होती. हनुमानानं घड्याळ मनगटाला लावलं, कानाला लावलं. बॅग हलकी हलकी होत गेली, आणि तळ दिसला.

मी त्या तळाकडं बघितलं.

परदेशातून येणारा लेक कुणाला विसरेल, बापाला विसरत नाही. भांडून गेलेला तर नाहीच नाही. सगळ्यांच्या आधी त्याचं आणतो.

"प्रभू," मी म्हटलं, "बापाला काय आणलंस?"

शिवकन्येचा हात साडीवर थांबला. सिंधूबाईनं डोळे मिटले. त्यांना वाटलं, मी आता सांगायला सुरुवात केली.

प्रभूनं रिकाम्या बॅगेत हात घातला. आत काही नव्हतं तरी हात फिरवत राहिला.

"न्हाई आणलं, माय."

"काहून?"

त्यानं बॅगेची चेन लावली.

"कवापासून ठाव हाय तुला?"

"महिना व्हायच्या आतच कळलं," तो खाली बघत म्हणाला. "तांड्यावरचा वसराम तिकडंच हाय. त्याला गावाकडून कळलं, त्यानं मला सांगितलं."

हनुमानानं मनगटावरच्या घड्याळाकडं बघितलं. मग त्यानं ते काढलं आणि जमिनीवर ठेवलं.

"तुला ठाव व्हतं?" हनुमान म्हणाला. "बाप गेलेला ठाव व्हतं, आन आला न्हाईस? मी एकटा, दादा. टेम्पोत त्यांचं डोकं मांडीवर घेऊन एकटा. मी समजत व्हतो, तुला ठाव न्हाई. म्हणून तुझ्यावर राग धरला न्हाई."

"हनुमान..."

"हनुमान काय? गाडी चार दिस उभी ऱ्हायली असती तुझी. गाडीला काय चारापाणी लागतं?"

प्रभूनं चटकन मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी गेलं, ते मला तेव्हा कळलं नाही. बोलला एवढंच, "साहेबानं सोडलं न्हाई."

आता शिवकन्या. सकाळपासून जी माझ्याशी त्याच्यासाठी भांडत होती तीच त्याच्यावर फिरली.

"मी तुझी वकिली करून राहिले, दादा. माझ्या भावाला फसवलं म्हणून मायला काय न्हाई ते बोलले. आन फसवून तू राहिला व्हतास व्हय? ही बाई दर म्हैन्याला औंढ्याला जाऊन मेलेल्या नवऱ्याची मेंढरं हाकायची. तिचं तोंड एसटीडीतून भाईर आल्यावर कसं व्हायचं ते वयनीला विचार. तू तिकडून ऐकायचास? गंमत वाटायची?"

"शिवकन्ये, बस," मी म्हटलं.

"काहून बस? तुझा थोरला हाय म्हणून?"

तेव्हा सिंधूबाई बोलली. लग्न होऊन आल्यापासून चार माणसांत ती पहिल्यांदा बोलली असेल.

"मी सांगायचे, मामंजी आलते, ताक पिऊन गेले, सुकन्याला खांद्यावर घेऊन हिंडले. तुमी म्हणायचात, बरं बरं. मी घरी येऊन रडायचे, नवऱ्याला फसवते म्हणून. एकदा तरी म्हणायचं, सिंधू, मला ठाव हाय, थांब."

ती आत गेली. चुलीपुढं बसली. चूल विझलेली होती.

प्रभू माझ्याकडं वळला. लहानपणी पडल्यावर यायचा तसा.

"माय, मी विचारायचो, आन तू सांगायचीस. कळमनुरी म्हणायचीस, मला कळमनुरीचा रस्ता दिसायचा. तिथून बाबा चालत जायचे. पुढचा फोन लागेपर्यंत चालत ऱ्हायचे. मी विचारणं बंद केलं असतं तर त्याच दिवशी ते मेले असते."

मला जे माझं एकटीचं ओझं वाटत होतं, ते दुसऱ्या टोकाला त्यानं धरलं होतं.

पण हनुमानाला हे ऐकून काय मिळणार होतं? तो उठला, टॉवेल डोक्याला गुंडाळला. "मेंढरं बघायची हायत," म्हणाला. "खऱ्या मेंढरांना पाणी पाजावं लागतं."

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी किटलीत चहा घेऊन शेताकडं गेले. त्या हप्त्यात कळप खतासाठी आमच्याच रानात बसवला होता. भोवती वाघुरीची जाळी ठोकलेली. हनुमान ओढ्याला गेला होता. जाळीच्या आत मेंढरांत प्रभू एकटाच उभा होता.

मी बाभळीआड थांबले. म्हटलं, बघू ड्रायव्हरसाहेब काय करतात.

एक मेंढी रोडावलेली होती. आमच्यात मेंढी अंगानं कशी आहे ते पाठीचा कणा दाबून बघतात. माझ्या सासऱ्यानं असंच बघितलं, नवऱ्यानं असंच, हनुमान असंच बघतो. लहानपणी प्रभूही असाच बघायचा. त्यानं मेंढी पायात धरली, आणि त्याचा हात पाठीवर गेलाच नाही. सरळ मागं गेला. शेपटीखाली ओंजळ धरून, काहीतरी जड तोलायला जावं तसा. आमच्या मेंढीची शेपटी ती केवढी, करंगळीएवढी. ओंजळ रिकामीच राहिली. त्यानं हात झटकन मागं घेतला आणि इकडंतिकडं बघितलं.

मला आधी कळलं नाही. मग कळलं, असा हात रोजच्या सवयीनंच जातो.

मी जाळीजवळ गेले. चहा ओतून दिला. तो पिऊ लागला तेव्हा विचारलं, "तिकडच्या मेंढरांच्या शेपट्या जाड असत्यात का रे?"

त्यानं कप ओठापासून खाली घेतला.

मग म्हणाला, "इतभर रुंद, माय. चरबीनं भरलेल्या. शेख आला की आधी शेपटी तोलतो. हलकी लागली की मला बोलतो."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून. ड्रायव्हर म्हणून नेलं, विमानतळावरून टेम्पोत बसवलं आन वाळूत सोडलं. झाड न्हाई, गाव न्हाई. एक तंबू, आन मेंढरं. हप्त्याला पाण्याचा टँकर येतो. वसराम टँकरवर हाय, तो भेटला म्हणून माणसाचा आवाज ऐकला. त्याच्यासंगंच म्हैन्याकाठी फोनापर्यंत जायचो."

"आन बापाचं त्यानंच..."

"व्हय. टँकरची नळी सोडता सोडता म्हणाला, प्रभू, तुझे बाबा गेले. मी कुणाच्या भरवशावर सोडून येणार, माय? मी निघालो असतो तर दोन दिवसांत मेंढरं पाण्यावाचून मेली असती. तवा एकटाच व्हतो. आता कुठं जोडीला एक बंगाली दिलाय, म्हणून येता आलं." तो थांबला. "टँकर गेल्यावर लोकर कातरायच्या कातरीनं डोकं कातरलं. आपलं आपणच. मागचं नीट झालं न्हाई. पाणी सोडलं ते टँकरचं."

मला माझ्या लेकाचं डोकं दोन्ही हातांत धरावंसं वाटलं. धरलं नाही. मी तशी बाई नाही. म्हटलं, "चल, आत्ताच्या आत्ता हनुमानाला सांगू. काल तो तुला काय न्हाई ते बोलला."

"न्हाई." त्यानं माझा हात धरला. "बाबांच्या तोंडावर मी काय बोललो ते त्यानं ऐकलंय. 'जिंदगी घालणार न्हाई.' आन घातली, दुसऱ्याच्या मेंढरांत."

"तो हसणार न्हाई तुला."

"हसला तर बरं व्हईल. तो रडंल, माय. माझी कीव करंल. दगड म्हणू दे, बापाला विसरला म्हणू दे, ते चालंल. हे न्हाई. वसरामालासुद्धा गावात बोलू नको म्हणून आण घातलीय. तुला बाबांची आण हाय."

"मंग जाऊ नको परत. इथंच ऱ्हा."

त्यानं कळपाकडं बघितलं. "ही त्यांनी वाढवलेली हायत. ह्यांच्यात मला उभं ऱ्हावत न्हाई. येतानाच परतीचं तिकीट काढून आलो."

ओढ्याकडून हनुमानाची हाळी ऐकू आली. प्रभूनं कप मला दिला आणि जाळीबाहेर पडला. ड्रायव्हरसारखा, कपडे झटकत.

दुपारी सोयरे जमले. अंगणात सतरंजी, पाटावर पागोटं. मी पुरणपोळी केली होती. सोनाजी उठला, पागोटं उलगडलं आणि म्हणाला, "ये प्रभू. तुझ्या बापाची, मसाजीदाजींची जागा घे."

प्रभू जागचा हलला नाही. "मामा, हनुमानाला बांधा."

"मला भीक नको," हनुमान खांबाला टेकून म्हणाला. "यानं नको म्हटलेलं मी काहून घेऊ?"

"बघा, दानशूर कर्ण आला कुवेतहून," शिवकन्या म्हणाली. "बाप गेला तवा हात आखडला, आता पागोटं वाटतो."

पाहुणे एकमेकांकडं बघू लागले. सोनाजी पागोटं हातात घेऊन मधेच उभा. त्यानं माझ्याकडं बघितलं. प्रभूच्या बापाच्या माघारी या घरात पान हललं ते माझ्या शब्दानं.

"हनुमानाला बांध," मी म्हटलं. "त्याचंच हाय ते. तो हक्कानं घेईल, भिकेनं न्हाई."

हनुमान माझ्याकडं बघत राहिला. माझ्या तोंडून हे तो दोन वर्षं ऐकायला थांबला होता, आणि ऐकल्यावर त्याला आनंद झाला नाही. पाटावर बसला. सोनाजीनं पागोटं बांधलं. पोराचा चेहरा एकदम त्याच्या बापासारखा दिसला.

तो उठला नाही. पाटावरूनच म्हणाला, "दादा, आता घरचा कर्ता म्हणून विचारतो. चार माणसांत सांग. ठाव असून काहून आला न्हाईस?"

प्रभूनं पायानं सतरंजीची घडी सारखी केली.

"साहेबानं सोडलं न्हाई हे मला सांगू नको. वसराम आईच्या दुखण्याला येऊन गेला. त्याला सोडलं, तुला न्हाई?"

प्रभूनं माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर मी कदाचित खरं बोलून गेले असते. तो जमिनीकडं बघत होता, आणि त्याचे ओठ हलायला लागले होते. आता हा सगळं बोलणार, चार सोयऱ्यांसमोर बोलणार आणि मग या गावात पुन्हा पाय ठेवणार नाही, हे मला लख्ख दिसलं.

"मी सांगितलं त्याला, येऊ नको म्हणून," मी म्हटलं.

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या.

"वसरामाकडून कळल्यावर त्यानं फोन केला व्हता. येतो म्हणाला. रडत व्हता. मी म्हणाले, खबरदार. नोकरी सोडून आलास तर परत कोण घेईल? मला कुवेतचा लेक पायजे व्हता. गावात मिरवायला पायजे व्हता."

"आन काल विचारलंस ते?" शिवकन्या म्हणाली. "बापाला काय आणलंस?"

"तुमाला खरं वाटावं म्हणून."

शिवकन्येनं सिंधूबाईकडं मान फिरवली. "वयनी, तू असायचीस फोनवर. खरं हाय हे?"

सिंधूबाईचा कान दर खेपेला माझ्या कानाला लागलेला असायचा. असला फोन कधी आलाच नाही, हे या जगात माझ्याइतकंच तिला ठाऊक होतं. ती माझ्याकडं बघत राहिली. मग नवऱ्याकडं बघितलं. तो चेहरा तिला काय बोलला कोण जाणे.

"शेवटचं बोलणं त्या एकट्याच करायच्या," ती म्हणाली. "मला भाईर बसवायच्या."

सगळ्यांना पटलं. मला वाटलं होतं, एखादा तरी म्हणेल, नाही, ही बाई असं करणार नाही. माझ्या भावानंसुद्धा मान हलवली, जणू त्याला कधीचंच वाटत होतं. एवढी बदनामी मी जन्मभर जिभेनं कमावून ठेवली होती, ती त्या दिवशी उपयोगाला आली.

"माय, बोलू दे मला," प्रभू म्हणाला.

"तू गप. तुला इचारलंय कुणी?"

हनुमान उठला. पागोटं सवय नसल्यानं सारखं करत होता. त्याचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं होतं. "दादा, काल बोललो ते विसर," म्हणाला. मग मला, "माय, आजपासून या घरात काय ठरवायचं ते मी ठरवीन. तुला बसून खायला मिळंल."

"बराबर हाय," मी म्हटलं.

शिवकन्या पिशवी घेऊन आली. ताटं मांडलेली होती. तिनं प्रभूला जवळ घेतलं, त्याच्या पाठीवरून हात फिरवत रडली, "दादा, मला माफ कर," म्हणाली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"पुरण तुझं तूच खा, माय. मिरव."

ती गेली. सोनाजी तिला स्टँडवर सोडायला म्हणून उठला, तो परतून जेवायला आला नाही. बाकीचे जेवले, कारण सोयऱ्यांना जेवावं लागतं. प्रभू आणि हनुमान एका पंक्तीला शेजारी बसले. हनुमान त्याला तूप वाढत होता, आणि प्रभू घास मोडून ताटातच ठेवत होता. मी लांबून बघत होते. मला एवढंच पाहिजे होतं, आणि ते झालं होतं.

पंगत उठल्यावर सिंधूबाई माझं ताट घेऊन मागच्या दाराशी आली. समोर ठेवलं आणि खाली बसली.

"आत्या, काहून बोललात ते मी विचारणार न्हाई," ती म्हणाली. "तुमच्यासाठी मी आज खोटं बोलले."

"व्हय."

"मंग माझ्यासाठी एक खरं बोला. हे ऱ्हाणार का?"

अंगणात प्रभू सुकन्याला रंगाची पेटी उघडून दाखवत होता. पोर आता मागं सरकत नव्हती. या बाईनं नऊ वर्षं माझ्या शेजारी उभं राहून त्याचा आवाज ऐकला होता, अर्धा तिच्या कानात, अर्धा माझ्या.

मी पुरणपोळीचा घास तोडला. खाल्ला नाही.

"जाणार," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. मग माझ्या ताटात तूप कमी आहे असं वाटून ती आणायला उठली.